देवाला रांगेत उभं केलं

दिवाळीची सुट्टी संपून कोर्ट नुकतंच सुरू झालं होतं. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर संत्र्यांचे हातठेले लागले होते आणि पक्षकारांपेक्षा ठेल्यांपाशीच जास्त गर्दी होती. अशा निवांत सकाळी भाऊ आले. गाळ्याच्या भाड्याच्या वादापासून ते माझे पक्षकार आहेत. माणूस सरळ, फी वेळेवर देणारा, आपल्या भागातल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. काखेत एक दिवाळी अंक आणि त्यात खुणेला घातलेलं एसटीचं तिकीट.

"मॅडम, नोटीस-बिटीस नको. गुन्हाच पाहिजे. धार्मिक भावना दुखल्या माह्या."

मी पान उघडलं. तीन पानांचा व्यंगलेख होता. बाप्पा साध्या वेशात स्वतःच्याच मंडपात येतो आणि चार तास रांगेत उभा राहतो. शेवटी बाउन्सर पास मागतो. बाप्पा सोंड दाखवतो. बाउन्सर म्हणतो, फोटो जुना दिसतो, आधार अपडेट करून या. शेजारून पासवाल्यांची रांग सरसर पुढे जाते आणि मंडळाचे अध्यक्ष पाहुण्यांसोबत सेल्फी काढत असतात. मी हसू दाबलं. वकिलीत ही कला लवकर शिकावी लागते.

"देवाला रांगेत उभं केलं!" भाऊ म्हणाले.

"तुमच्याकडं पासची रांग आहे ना?"

"ते वेगळं. व्यवस्थेसाठी आहे ते."

हे कलम पक्षकारांना का आवडतं, ते मला ठाऊक आहे. आता ते भारतीय न्याय संहितेचं 299, जुन्या दंडसंहितेत 295अ होतं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात आणि जामीन हक्कानं मिळत नाही. खटला टिकला नाही तरी समोरच्याचं जे व्हायचं ते होऊन जातं. मी ज्युनियर असताना सिनियरांच्या सांगण्यावरून अशी एक तक्रार स्वतःच्या हातानं लिहिली होती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका लहानशा मासिकाचा संपादक दर तारखेला येई, डबा घेऊन व्हरांड्यात बसे. निकाल लागायच्या आधीच मासिक बंद पडलं. मसुदा चांगला झाला म्हणून सिनियरांनी मला शाबासकी दिली होती. ती अजून टोचते.

म्हणून भाऊंना मी नीट समजावलं. हे कलम 1927 साली आलं, लाहोरच्या एका पुस्तिकेवरून उठलेल्या वादळानंतर. तिचा प्रकाशक उच्च न्यायालयातून सुटला, लोक खवळले, तेव्हा सरकारनं नवा कायदा केला. तरी 1929 मध्ये त्या प्रकाशकाचा खून झालाच. पुढं 1957 साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हे कलम घटनेत बसतं असं ठरवलं, पण सोबत मेखही मारली. अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेला हवा. निष्काळजीपणानं किंवा नकळत झालेला यात येत नाही. 2013 साली एका मासिकानं मुखपृष्ठावर धोनीला विष्णूच्या रूपात दाखवलं, हातात जाहिरातीतल्या वस्तू आणि त्यात एक बूटही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2017 मध्ये रद्द झालं. शिवाय न्यायालयानं दखल घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते.

"पण तक्रार तर देता येते ना?"

देता येते. तो त्यांचा हक्क, माझं काम मसुद्याचं. आम्ही खाली टायपिस्ट काकांकडं गेलो. अशा तक्रारीत 'आक्षेपार्ह मजकूर' एवढं म्हणून भागत नाही. कोणतं पान, कोणती ओळ, कोणते शब्द, सगळं जसंच्या तसं उतरवावं लागतं. म्हणजे ज्या वाक्यानं भावना दुखल्या, तेच वाक्य फिर्यादीनं मोठ्यानं सांगायचं. भाऊ सांगू लागले. सोंडेपर्यंत काका गंभीर होते. "आधार अपडेट करून या" टाइप करताना त्यांचे खांदे हलायला लागले. मग बाजूच्या टेबलावरचा पोरगाही वाकून बघू लागला. काकांच्या कपाळावर अष्टगंध होता, हेही सांगते.

भाऊ चिडले. "हसता काहून? पुढचं लिहा. 'गळ्यात दोन साखळ्या, सफारी आणि फोनवर आरतीची रिंगटोन असलेले अध्यक्ष...'"

तेवढ्यात त्यांच्याच खिशात फोन वाजला. सुखकर्ता दुःखहर्ता.

कोणीच काही बोललं नाही. मी त्यांना चहाच्या टपरीवर नेलं. तिथं म्हटलं, भाऊ, हे देवाचं नाही, तुमचं दुखणं आहे. त्याला कलम वेगळं, 356, अब्रूनुकसानीचं.

"मग ते लावा."

"लावू. पण त्यात आधी शपथेवर म्हणावं लागेल, की लेखातला हा माणूस मीच."

भाऊ बराच वेळ कपाकडं बघत बसले. मी विषय बदलला. तान्ह्या पोळ्याला यांचंच मंडळ बडग्या, म्हणजे टवाळीचा पुतळा, काढतं. यंदा पुढाऱ्याचा होता, गळ्यात जोड्यांचा हार. काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक 1880च्या दशकापासून निघते, "घेऊन जा गे मारबत" म्हणत सारं नागपूर रस्त्यावर येतं. त्या पुढाऱ्यानं तुमच्यावर केस केली का, मी विचारलं.

"ते तर हसतच होते ना स्टेजवर," भाऊ म्हणाले. मग हळूच, "हसावंच लागते त्यांना."

खरं दुखतं त्यांची खिल्ली मी उडवणार नाही. श्रद्धेची जखम असते, ती कधी मुद्दाम केलेलीही असते आणि कलम त्यासाठीच आहे. पण माझ्या टेबलावर आलेल्या अशा फायलींत देवाच्या मागं बहुतेक वेळा एखादा सफारीवाला उभा असतो.

टायपिंगचे पैसे भाऊंनी दिले. अर्धवट तक्रार चार घड्या करून खिशात घातली, सही न करता. अंक मात्र माझ्या टेबलावर ठेवायला तयार नव्हते. तिकिटाची खूण नीट बसवून काखेत मारला.

फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

"मॅडम, एक सांगा. मी सफारी घालतो, हे त्या लेखकाले कोणं सांगतलं असन?"