मोठ्या मायची वारी

माघ वद्य नवमीला पहाटे मारुतीच्या पारापासून दिंडी निघाली तेव्हा मी स्वेटरवर शाल घेतली होती. पुढच्या बाया मात्र नुसत्या पदरानं कान झाकून झपझप चालत होत्या. पखवाजाला कणीक लावणारा पोरगा मधेच हातावर फुंकर घालत होता. नशिराबादच्या अलीकडचं आमचं गाव. तिथून भुसावळ, मग वरणगाव, आणि एकादशीला मुक्ताईनगर. आषाढीला मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाते, ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असतं. माघात मात्र खान्देश-वऱ्हाडच्या दिंड्या मुक्ताईकडे येतात. मोठी माय, म्हणजे माझी आजी, या वारीला जायची. मुक्ताईनगर हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तिच्यासाठी ते शेवटपर्यंत एदलाबादच होतं.

गेल्या आषाढात ती गेली. वर्ष व्हायच्या आत यात्रा करू नये, असं काकू म्हणत होत्या. दिंडीचे महाराज म्हणाले, यात्रा नका करू, वारी करा, वारी खंडू नये. पुण्याहून चार दिवसांची रजा काढून मी आले.

तिचं वय किती, हे घरात कोणालाच नक्की सांगता यायचं नाही. आधार कार्डावर एक जानेवारी लावून टाकलेली. पण तिचं माहेर फैजपूरकडचं. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. बापानं तिला खांद्यावर बसवून नेलं होतं. "गर्दी दिसली, गांधी नाही दिसला," असं ती सांगायची, आणि तेव्हा आपले पुढचे दोन दात पडलेले होते, हेही न चुकता सांगायची. त्या दोन दातांवरून आम्ही हिशेब केला. जाताना ती पंच्याण्णवच्या आसपास असणार.

रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हायवे आता चौपदरी झालाय, ट्रकांचा वारा अंगावर येतो आणि टाळांचा आवाज दर मिनिटाला बुडतो. पण दोन्ही बाजूंना दादर ज्वारी कणसाला आली होती, आणि केळीच्या बागांजवळून जाताना ओल्या मातीचा गारवा पायांना लागत होता. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या तेव्हा एका आजींनी डोक्यावरची तुळस उतरवली आणि मला म्हणाल्या, "घे पोरी, आता तुही पाळी."

तुळशीखालची चुंबळ हातात घेतली आणि मी थांबलेच. मोठ्या मायच्या हिरव्या लुगड्याची होती ती. काठ आत दुमडून, वरून सुतळीचे तीन वेढे. मधला भाग घामानं आणि तेलानं काळा, कडक झालेला. त्या आजींनी ती जपून ठेवली होती, आणि मला बोलावून द्यायची सोडून तीन तास आपल्याच डोक्यावर वागवली होती. दिंडीत असंच असतं, नंतर कळलं.

मग त्यांनी तिला नावानं हाक मारल्यासारखी तिची गोष्ट सुरू केली. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तोंडून तिचं नाव ऐकलं. घरी ती माय, वहिनी, काकू, मोठी माय. आजोबा तर "ऐकलं का"च म्हणायचे. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्या रस्त्यावरच्या बायांचं आहे. त्यांच्याकडून कळलं की वाटेत फुगड्या घालताना तिला कोणी हरवू शकत नव्हतं. आजोबा गेले त्या वर्षीही ती आली होती आणि तिन्ही दिवस कोणाशी एक शब्द बोलली नव्हती, नुसती चालली होती. हतनूरचं धरण व्हायच्या आधी तापी-पूर्णेच्या संगमावर कोरडी वाळू असायची, तिथे बसून ती सगळ्यांच्या पायांतले काटे काढायची. घरात तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं.

दशमीच्या रात्री वरणबट्टी झाली. केळीच्या पानावर कुस्करलेली बट्टी, वर तूप, आणि घोटलेली वांग्याची भाजी. मग कीर्तनात चांगदेवाची गोष्ट निघाली. चौदाशे वर्षं जगलेला योगी ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसतो आणि मायना काय घालावा हेच ठरेना, म्हणून कोरा कागद पाठवतो. मुक्ताई तो पाहून म्हणते, एवढं जगून हा कोराच राहिला. पुढे त्याच मुक्ताईला त्यानं गुरू केलं. ती अवघ्या अठराव्या वर्षी, 1297 मध्ये, तापीकाठी वीज कडाडली तेव्हा अंतर्धान पावली.

ही गोष्ट मोठी माय मला झोपताना सांगायची. तिच्या वयाचं कोणी कौतुक केलं की लगेच म्हणायची, "वयाचं काय सांगतं? चांगदेव चौदाशे वरसं जगला, न् कोराच राह्यला."

एकादशीला मुक्ताईनगरजवळच्या जुन्या कोथळीत, मुक्ताईच्या देवळात दर्शनाला चार तास लागले. उभ्याउभ्या पाय सुजले. समाधीवर डोकं ठेवताना काय मागायचं ते सगळं विसरले, आणि मागची बाई "चला माय, चला" म्हणाली.

द्वादशीला पारणं सोडून निघताना महाराजांनी शिध्याची वही काढली. दर वर्षी कोणी काय दिलं ते तीत लिहितात. मोठी माय शाळेत गेलेली नव्हती. तिच्या नावापुढे अंगठा. मी मागे मागे पानं उलटत गेले. जुन्या पानांवर अंगठ्याच्या रेघा शेतातल्या तासांसारख्या स्वच्छ होत्या. पुढे पुढे त्या पुसट झाल्या, आणि शेवटच्या चार-पाच वर्षांत नुसता निळा ठिपका. रेशन दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेईना तेव्हा आम्ही बोट पुसून, ओलं करून, पुन्हा पुन्हा दाबत बसायचो, ते आठवलं. ती हसून म्हणायची, "घासला गेला रे बाप्पा, भांड्यांत न् मातीत."

या वर्षीच्या पानावर महाराजांनी सवयीनं तिचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. समोरची चौकट रिकामी होती.

"खोडू का?" त्यांनी विचारलं.

नको म्हटलं. ती काय द्यायची ते विचारलं. दोन पायल्या दादर आणि कळण्याच्या भाकरीपुरते उडीद, ते म्हणाले. तेवढंच लिहायला सांगितलं आणि गावी काकांना फोन लावला, कोठीतली दादर काढून ठेवा म्हणून.