तुम्ही विचारलंत म्हणून: आठ बारनंतर गाडी अडते ती का?

कॉम्प्युटरवर संगीत करणाऱ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो: ‘सुरुवात झकास होते, गाणं पुरं होत नाही, आणि हल्ली तर बसावंसंच वाटत नाही. काय करू?’

मी उलट विचारतो, अर्धवट प्रोजेक्ट नेमके कुठे थांबलेत? उत्तर बहुतेक ठरलेलं: आठ बारचा लूप, म्हणजे चार-चार मात्रांच्या आठ आवर्तनांचा, पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा. किक (ड्रमचा जाड ठोका), बेस (खालचे सूर), दोन-तीन सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्यं), वर एक धून, सगळं एकदम वाजतंय. तिथवर नुसती भर घालायची असते. पुढे मात्र काय काढायचं ते ठरवावं लागतं, आणि ते टाळण्यालाच आपण ‘मूड नाही’ म्हणतो.

त्यात हिशेब बघा. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत, चार-चार मात्रांचे आठ बार म्हणजे १६ सेकंद. तासभर लूप फिरला की २२५ वेळा ऐकून होतो. एवढ्यात कुठलीही धून शिळी लागेल. मग स्नेअर (ड्रमचा करकरीत ठोका) बदल, नवं प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचं वाद्य किंवा इफेक्ट) शोध, असं सुरू होतं. बिचाऱ्या स्नेअरचा काही दोष नसतो.

म्हणून लूप चांगला वाटतोय तोवरच तो बारा वेळा पुढे चिकटवा. ९६ बार, म्हणजे तीन मिनिटं बारा सेकंद. मिडी ट्रॅकचे (ज्यांत आवाज नसून नुसत्या सुरांच्या सूचना असतात) ऑडिओ करून टाका, म्हणजे सिंथची बटणं फिरवायचा मोह उरत नाही. आता फक्त पुसायचं. पहिल्या १६ बारांत किक आणि बेस नको. १७ला बेस येऊ दे, किक त्यानंतर. धून ३३च्या आधी ऐकूच येता कामा नये. ५७ ते ६४ पुन्हा खालचं सगळं, म्हणजे किक आणि बेस, काढा, ६५ला परत आणा. यासाठी चाळीस मिनिटं पुरे. हमखास होणारी चूक म्हणजे सगळे बदल बरोबर आठ-आठ बारांवर पडतात आणि गाणं डबे जोडल्यासारखं वाटतं. बदलाआधीच्या बारमधल्या शेवटच्या दोन मात्रांची किक काढा, किंवा धुनेची शेपटी पुढच्या भागात सांडू द्या.

आवाज नकळत वाढत जातो, तेही सांभाळा. मोठा आवाज जास्त छान वाटतो, आणि कान थकले की काहीच छान वाटत नाही. शेजारच्याशी साध्या आवाजात बोलता येईल इतकाच ठेवा.

गाणी पुरी होतात पण सगळी सारखीच वाटतात, ही तक्रार वेगळी. तिथे कान हाताच्या पुढे गेलेला असतो, आणि त्यावर नक्कल हाच मला माहीत असलेला सर्वांत चांगला उपाय आहे. आवडतं गाणं प्रोजेक्टमध्ये घ्या, आवाज ६ ते १० डेसिबल उतरवा. ते मास्टर झालेलं असतं, म्हणजे शेवटचा हात फिरवून आवाज वर चढवलेला असतो. तसंच ठेवलंत तर तुमचं काम उगाच केविलवाणं वाटेल. त्यातल्या फक्त ड्रम आणि बेसचे आठ बार हुबेहूब जमवून बघा. अडाल तिथेच उणीव सापडते. उदाहरणार्थ, तुमचे बेसचे सूर पूर्ण लांबीचे असतात. तिथे ते किक पडायच्या जरा आधी तोडलेले असतात, म्हणून ती किक ठणठणीत लागते.

आणि उठताना प्रोजेक्टमध्येच पुढचं एक काम लिहून ठेवा: ‘बार ३३, धून एक सप्तक खाली’. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून ऐकत बसू नका, थेट ३३ उघडा.