वूदांगला जाताय? महागडी उदबत्ती घेऊ नका आणि मिंग वाटेने चढू नका

वूदांग म्हणजे चीनमधला, ताओ धर्माच्या मंदिरांचा पवित्र डोंगर. आधी पैशाचं सांगतो, कारण अजून राग गेलेला नाही. डोंगरावरच्या नानयान या मुक्कामाच्या जागेहून शिखराकडे जाताना वाटेच्या कडेला एक खोली लागली. आत झेनवू देवाची छोटी मूर्ती, समोर टेबल, टेबलामागे निळा झगा घातलेला माणूस, डोक्यावर ताओ साधूंसारखा केसांचा बुचडा. त्याने बांबूचं नळकांडं हातात दिलं, हलवा म्हणाला. हलवता हलवता एक पट्टी खाली पडली, तिच्यावरचा नंबर बघून त्याने ड्रॉवरमधून पिवळा कागद काढला, वाचला आणि चेहरा पाडला. मग मोबाईलच्या ट्रान्सलेटरमध्ये काहीतरी बोलला, स्क्रीनवर आलं, 'घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला धोका'. इकडे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आठवड्यावर आलेलं, मी कामासाठी चाकणहून वूहानला अडकलेलो, पोटात गोळाच आला. लगेच ड्रॉवरमधून उदबत्त्या निघाल्या, ९९, २९९ आणि ९९९ युआनच्या. मी २९९ देऊन मोकळा झालो, म्हणजे साडेतीन हजार रुपये!

संध्याकाळी झिशियाओ मंदिरात एका तरुण साधूला तीच पट्टी, तोच कागद दाखवला. त्याने कागद बघितलाही नाही, तीन बोटं वर केली. तीन बारीक उदबत्त्या, बाकी काही लागत नाही. पट्टी काढून कौल घ्यायची प्रथा जुनी आहे, ती खोटी नाही, पण आधी घाबरवून मग ड्रॉवर उघडणारा माणूस दिसला की तडक उठा. आपल्याकडे साडेसाती सांगून शांतीचा खर्च काढतात ना, अगदी तसंच आहे हे. उदबत्ती पेटवल्यावर फुंकर मारू नका, हाताने वारा घालून ज्योत विझवा, डाव्या हाताने खोचा. उंबरे चांगले गुडघ्याएवढे उंच असतात, त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचे. हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

आता वाट. नानयान ते शिखर 'दीड तास' असं मुक्कामाच्या जागी सांगितलं होतं, मला तीन तास दहा मिनिटं लागली आणि मी दर महिन्याला सह्याद्रीत फिरणारा माणूस आहे. चाओतिएन मंदिरापाशी दोन फाटे फुटतात, एक मिंग राजघराण्याच्या काळातली वाट आणि एक नंतरच्या छिंग राजघराण्याच्या काळातली. 'मिंगची वाट खरी, बादशहाची' असं ऐकून मी तिकडे वळलो, तिथेच चूक झाली. पहिलं, दुसरं, तिसरं असे स्वर्गाचे तीन दरवाजे त्या वाटेवर आहेत आणि प्रत्येक दरवाजा आला की वाटतं पोचलो, पण पुढे परत पायऱ्याच. पायरी अरुंद, उंच, धुक्याने ओली, आख्खं पाऊल मावत नाही, तिरकं ठेवावं लागतं. दुसऱ्या दरवाज्यानंतर मी साखळीला धरून, दहा पायऱ्या मोजून थांबत होतो. तिएनझू शिखर १६१२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा ३४ मीटर कमीच, पण कळसूबाईने मला असं कधी रडवलं नाही. स्पष्ट सांगतो, चढताना छिंग वाट घ्या. पाऊस असेल तर छ्योंगताईहून केबल कारने जा, त्यात कमीपणा काही नाही.

वर पोचल्यावर मात्र सगळं विसरलो. सुवर्णमंडप १४१६ सालचा, मिंग घराण्यातल्या योंगले बादशहाने केलेला, सगळा तांब्या-काशाचा, वर सोन्याचा मुलामा. बीजिंगमध्ये ओतून तुकडे इथवर आणले आणि वर जोडले, तेही असे की छपराच्या कौलांच्या रेघासुद्धा लाकडी इमारतीसारख्या दिसतात. उंची जेमतेम साडेपाच मीटर. आत झेनवू, केस मोकळे, पाय अनवाणी, आणि त्याची खूण असलेली कासव-सापाची जोडी. बेचाळीस वर्षं या डोंगरात तप केलं आणि मग देव झाला अशी कथा. मी तिथे आईचं नाव घेऊन हात जोडले, तीन उदबत्त्या लावल्या, खर्च काहीच नाही.

शिखराच्या थोडं खाली १३०७ सालचा एक छोटा काशाचा मंडप आहे, तो विटांच्या खोलीत ठेवलाय. मंडप आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस अंग तिरकं करून जाईल एवढीच फट, पूर्ण अंधार, त्यातून सरकत फेरी मारली की नशीब फिरतं म्हणतात. पाठपिशवी बाहेर काढून ठेवा, माझी अडकली होती आणि मागची आजी जोरात ओरडली. धातू थंडगार, लाखो हातांनी घासून गुळगुळीत झालेला, तो स्पर्श अजून आठवतो.

ताइझिपोचं मंदिर वगैरे दुसऱ्या दिवशी केलं, छान आहे, सोपं आहे.

नानयानला कड्यातून बाहेर आलेलं दगडी ड्रॅगनचं डोकं बघा, त्याच्या टोकावर उदबत्ती लावायला जाऊन लोक खाली पडायचे म्हणून १६७३ मध्ये, छिंग घराण्यातल्या कांगशी बादशहाच्या काळात, बंदी घातली गेली. आता तिथे जाता येत नाही, गेट लावलंय, बरंच झालं.

वूहानहून हाय-स्पीड ट्रेनने वूदांगशान पश्चिम स्टेशन, दोन-अडीच तासांत. डोंगरावर खासगी गाडी चालत नाही, तिथलीच बस घ्यावी लागते. शिखराचं आणि झिशियाओचं तिकीट वेगळं काढावं लागलं मला, प्रवेशाच्या तिकिटात सगळं आलं असं समजू नका. भारतातूनच अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपला कार्ड जोडून जा. मुक्काम पायथ्याशी न करता नानयानला करा, म्हणजे झिशियाओला संध्याकाळची उपासना शांतपणे ऐकता येते, लाकडी ठोकळ्याचा ठेका आणि साधूंचा एक सूर, मी पूर्ण वेळ उभा राहिलो, पायात गोळे आले होते तरी.