तुम्ही विचारलंत म्हणून: चक बेरी अजून ऐकता का?

हो, ऐकतो, तोच पन्नाशीच्या दशकातला अमेरिकी रॉक अँड रोल गायक-गिटारवादक. पण ‘मला चक बेरी आवडतो’ हे वाक्य पूर्वीसारखं सहज तोंडातून निघत नाही. त्याचा हात आवडतो, त्याचे शब्द आवडतात, आणि त्याच्या मागे बसलेला पियानोवाला दिवसेंदिवस जास्तच आवडत चाललाय. माणूस मात्र मनातून उतरला.

आधी हाताबद्दल, कारण विचारणाऱ्यांत गिटार शिकणारे बरेच असतात. १९५८ सालचं ‘जॉनी बी. गुड’ वाजवतो, पण तसं लागत नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार. गाणं बी फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीवरच्या काळी पाचमध्ये. शिकवताना ते बहुतेकदा पांढरी सहात, ‘ए’मध्ये उतरवतात, कारण तिथे खर्जाला मोकळी तार मिळते. नेमकी तीच घात करते. मोकळी तार गुंजत राहते. बेरीच्या ठेक्यातला कोरडा तुटकपणा येतो तो तार दाबून लगेच बोट सैल सोडल्याने. पहिलं बोट सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या सहाव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरचा आडवा पडदा), तिसरं पाचव्या तारेच्या आठव्यावर, आणि करंगळी त्याच पाचव्या तारेवर दहाव्या फ्रेटपर्यंत जाऊन परत. बेरीची बोटं चांगली लांब होती. आपल्याला हा ताण झेपायचा तर अंगठा गिटारच्या मानेमागे, मधोमध आणावा लागतो.

सुरुवातीच्या तुकड्यात सहाव्या फ्रेटवर पहिल्या दोन तारा एकाच बोटाने आडव्या दाबून एकत्र छेडायच्या. यालाच डबल स्टॉप म्हणतात. त्या शैलीतली दुसरी हरकत म्हणजे तिसरी तार आठव्या फ्रेटवर धरून दुसऱ्या तारेच्या सुराकडे ओढायची. इथे मुलं सूर अगदी मिळेपर्यंत ओढतात. बेरी जरा अलीकडेच थांबतो, दोन सूर एकमेकांना घासतात, आणि सगळी गंमत त्या घासण्यात आहे. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचा मुद्दाम आणलेला फाटकेपणा, वाढवलं की त्या दोन सुरांचा चिखल होतो, म्हणून ॲम्पचा आवाज फाटायच्या किंचित आधी ठेवावा. लयीचीही एक खोच आहे. ड्रम झुलत, म्हणजे एक ठोका लांब, एक आखूड असे चालतात, गिटार मात्र सरळ समान ठोके देत जाते. गिटारही झुलवली की गाणं पेंगायला लागतं.

आता, हा सुरुवातीचा तुकडा मुळात बेरीचा नाही. गायक-सॅक्सोफोनवादक लुई जॉर्डनच्या १९४६ सालच्या एका रेकॉर्डवर कार्ल होगन हा गिटारवादक जवळजवळ तेच वाजवून गेलाय. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा चाहता खट्टू होतो. मला त्यात चोरी वाटत नाही. होगनकडे ती गाण्याआधीची एक छान जागा होती. बेरीने तिच्यातून अख्खी भाषा उभी केली.

खरी बोच दुसरीकडे आहे. बेरीची बरीच गाणी काळी पाच आणि काळी दोनमध्ये आहेत. गिटारवाला आपण होऊन इथे बसत नाही. तो ‘ई’ नाहीतर ‘ए’ धरतो. या पट्ट्या पियानो आणि सॅक्सोफोनवाल्यांच्या. १९५२ च्या शेवटच्या रात्री ईस्ट सेंट लुईसच्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये सॅक्सोफोनवाला आजारी पडला म्हणून बेरीला बोलावलं ते पियानोवादक जॉनी जॉन्सनने. बँड जॉन्सनचा होता. पुढे नाव बेरीचं झालं. चाली बसवण्यात आपला वाटा होता, असं म्हणत जॉन्सनने २००० साली दावा लावला. २००२ मध्ये तो फेटाळला गेला, फार उशीर झाला या कारणाने. शब्द पूर्णपणे बेरीचे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही: गाड्या, शाळेची घंटा, ज्यूकबॉक्स. चालींचं श्रेय मात्र माझ्या लेखी दोघांचं.

आणि मग खटले. १९५९ मध्ये त्याला अटक झाली, चौदा वर्षांच्या मुलीला राज्याची हद्द ओलांडून आणल्याबद्दल. पहिल्या खटल्यात न्यायाधीशाची वंशद्वेषी शेरेबाजी इतकी उघड होती की तो निकाल रद्द झाला. दुसऱ्यांदा पुन्हा दोषी ठरून तो साधारण वीस महिने तुरुंगात होता. न्यायाधीश वाईट होता, हे खरं. मुलगी चौदाची होती, हेही खरं. कित्येक चाहते पहिलं वाक्य सांगून थांबतात, मला ते जमत नाही. १९९० मध्ये त्याच्या रेस्टॉरंटमधल्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहात छुपे कॅमेरे असल्यावरून अनेकींनी दावे लावले, ते पैसे देऊन मिटवले गेले. ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’ हे सोळा वर्षांच्या मुलीवरचं त्याचं गाणं मी आता आपण होऊन लावत नाही.

सत्तरच्या दशकापासूनचे कार्यक्रमही सोडून द्यायला हरकत नाही. हा एकटा गिटार घेऊन यायचा, रोख पैसे आधी घ्यायचा, आणि त्या-त्या गावचा बँड तालमीशिवाय मागे उभा करायचा. पट्टीसुद्धा त्या बँडने पहिला सूर ऐकून ओळखायची. काय होणार?

ऐकायचंच असेल तर १९५५ च्या ‘मेबेलीन’च्या रेकॉर्डची मागची बाजू लावा, ‘वी वी अवर्स’. संथ ब्लूज आहे. गिटार जवळजवळ गप्प. प्रत्येक ओळ संपली की जॉन्सनचा उजवा हात वरच्या सप्तकात शिरतो, थरथरतो आणि पुढची ओळ येण्याआधी बाजूला होतो. बेरी त्याच्यासाठी जागा सोडून गातोय, हे हेडफोनवर स्वच्छ कळतं.