गुरूचे चंद्र: आधी कागद, मग स्टेलेरियम

मंडळी, ही माझी नोंद पावसाळ्यापासूनची आहे. भाची नववीत आहे. तिला खगोलशास्त्र शिकायचं होतं आणि मला गच्चीवर सोबत हवी होती. राहायला आम्ही भांडुपला, म्हणजे आकाश किती दिसतं ते मुंबईकरांना सांगायला नको. हाताशी एक १०×५० ची द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी बघायची, दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण), लॅपटॉप आणि आलेख कागदाची वही.

पाऊस लागला की गच्चीचा उपयोग नाही. म्हणून सुरुवात सूर्यापासून केली, तीही घरात बसून. नासाच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीने २०१० पासून काढलेले सूर्याचे फोटो फुकट बघायला मिळतात. रोज संध्याकाळी आम्ही पडद्यावर ट्रेसिंग पेपर लावून डाग टिपायचो. डावीकडच्या कडेला उगवलेला एक मोठा समूह तेराएक दिवसांनी उजवीकडे मावळला. म्हणजे पृथ्वीवरून पाहता अख्खी फेरी साधारण २७ दिवसांची. यातली खरी गंमत भाचीने पकडली. "मावशी, हा कडेला रेंगाळतो आणि मधोमध आला की पळतो." मी उत्तर दिलं नाही. संत्र्यावर पेनाने ठिपका काढून ते तिच्यासमोर हळूहळू फिरवलं. गोल वस्तूच्या कडेचा भाग आपल्याला तिरका दिसतो, हे तिचं तिनेच सांगितलं.

जानेवारीत गुरू आला. १० जानेवारी २०२६ ला प्रतियुती होती, म्हणजे पृथ्वीवरून पाहता गुरू सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला. मिथुनेत, पुनर्वसूच्या जोडताऱ्यांपासून जवळच. हमरस्त्याच्या दिव्यांचा उजेड कितीही असला तरी गुरूला तो झाकू शकत नाही. द्विनेत्री हातात धरली तर ठिपके नाचतात, म्हणून ती शिडीच्या वरच्या पायरीवर उशी ठेवून टेकवली. नियम एकच: आधी बघायचं, कागदावर काढायचं, वेळ लिहायची आणि मगच लॅपटॉपवर स्टेलेरियम (आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायचं. मोबाइलवरचं ॲप आकाशाकडे धरून बघण्याचा प्रयोग आम्ही आधी करून पाहिला होता. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी सांगाड्याजवळ होकायंत्र भलतीकडेच वळायचं, आणि शिवाय उत्तर आधी दिसलं की डोळे शोधायचे थांबतात.

एका रात्री भाचीने पाच ठिपके काढले. द्विनेत्रीतून दिसणारे चंद्र चारच, गॅलिलिओला १६१० साली दिसले तेच. ती अडून बसली की पाच आहेत, आणि होतेही पाच. स्टेलेरियममध्ये बघितलं तर पाचवा मिथुनेतला तारा निघाला. त्या दिवसांत गुरू वक्री होता, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने जाताना दिसत होता, आणि ताऱ्यांमधून रोज पूर्ण चंद्राच्या पाव रुंदीएवढा सरकत होता. पुढच्या रात्रींत तो तारा मागे पडत गेला आणि चार ठिपके गुरूबरोबर निघून गेले. पंचांगातलं 'वक्री' तिला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. नियम नसता तर तिने तो ठिपका काढलाच नसता.

एकूण १९ रात्रींचे कागद जमले. त्या चारांपैकी गॅनिमीड आणि कॅलिस्टो हे चंद्र गुरूपासून सर्वांत लांब कधी गेले ते कागदांवरून मोजलं. गॅनिमीडची फेरी ७ दिवस आली, कॅलिस्टोची १७. प्रत्यक्षात त्या ७.१५ आणि १६.६९ दिवसांच्या आहेत. कागदावर कॅलिस्टोचं अंतर गॅनिमीडच्या १.७५ पट भरलं. केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे काळांच्या गुणोत्तराचा वर्ग आणि अंतरांच्या गुणोत्तराचा घन सारखे यायला हवेत. आमचे आले ५.९ आणि ५.४. शिडीवर उशी ठेवून घेतलेल्या मापांतून एवढं निघालं याचा मला फार आनंद आहे. भाचीने तो कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.

ढगाळ रात्री गॅलेक्सी झूवर दीर्घिकांचे आकार ओळखतो. २००७ पासून चालू असलेल्या या प्रकल्पात नववीतली मुलगी बसल्या जागी खऱ्या संशोधनाला हातभार लावते. मराठी संज्ञांसाठी मराठी विश्वकोश उघडा ठेवतो. आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने खगोलशास्त्र ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका नेटवर ठेवल्या आहेत. त्या अजून जड जातात, पण आकृत्यांचे प्रश्न ती सोडवू लागली आहे.

अडलंय ते आयोपाशी, म्हणजे चारांतल्या गुरूच्या सर्वांत जवळच्या चंद्रापाशी. त्याची फेरी १.७७ दिवसांची, आणि गुरूच्या झगमगाटातून तो १९ पैकी ४ रात्रीच सुटा दिसला. एवढ्यावर आलेख बसत नाही. कुणाकडे छोटी दुर्बीण असेल आणि एका रात्रीत तीन-चार तासांच्या अंतराने दोन चित्रं काढता येत असतील, तर वेळ लिहून काढून ठेवा. आमच्या कागदांशी जोडून बघू.