फोटोत बायका नकोत

२०२४ च्या नवरात्रातली गोष्ट आहे, विधानसभेची आचारसंहिता लागायला बरोबर आठवडा उरला होता. शहराचं नाव लिहीत नाही, धंदा करणाऱ्या बायकांच्या त्या वस्तीचंही नाही, पश्चिम महाराष्ट्रातलं एक मध्यम शहर समजा. मी तिथे अकरा वर्षं एचआयव्हीच्या टीआय प्रोजेक्टवर आहे, म्हणजे जिथे लागण होण्याचा धोका जास्त तिथे जाऊन काम करायचं. पदाचं नाव ओआरडब्ल्यू, म्हणजे वस्तीत फिरणारी कार्यकर्ती, पण प्रत्यक्षात कंडोम वाटण्यापासून रेशनकार्डापर्यंत आणि पोरांच्या शाळेच्या दाखल्यापासून पोलीस स्टेशनच्या बाकड्यापर्यंत सगळं आमच्याकडेच येतं.

मंगळवारी सकाळी एका इच्छुकाच्या पीएचा फोन आला. इच्छुक म्हणजे ज्याला तिकीट हवंय पण अजून मिळालेलं नाही असा माणूस, आणि त्या दिवसांत ही मंडळी कुठेही यायला तयार असतात. साहेब संध्याकाळी वस्तीतल्या देवीच्या आरतीला येतील, नंतर दहा मिनिटं महिलांशी बोलतील म्हणाला. मी एकदम खुश, अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी स्वतःहून येत होतं. मग तो म्हणाला, मॅडम दोन गोष्टी. फोटो फक्त देवीसोबत, फोटोत बायका नकोत. आणि दुसरं म्हणजे, किती आहेत?

पाचशेच्या आसपास, मी म्हटलं.

"बायका नाही हो मॅडम, मतं."

मतं सव्वाशे. ते पण खेचून. फोनवर जरा शांतता झाली, मग म्हणाला बरं, लाडक्या बहिणी किती? त्या तर अजून कमी. महिना १५०० रुपये मिळायला डोमिसाईल नाहीतर १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार कार्ड, शाळेचा दाखला असलं काहीतरी लागत होतं, आणि आमच्या निम्म्या बायका बेळगाव, बागलकोट, बंगाल, नेपाळ अशा कुठून कुठून आलेल्या, काहींना तर घरातून निघताना चप्पलसुद्धा घालता आली नव्हती, दाखला कुठला आणणार. "ठीके, बघतो" म्हणाला. मला वाटलं आता काही हे येत नाहीत.

मतं सव्वाशेच का, हे जरा सांगते कारण सगळं तिथेच अडतं. मतदार नोंदणीचा नमुना ६ भरायचा तर पत्ता लागतो, आणि घरवाली, म्हणजे धंद्याचं घर चालवणारी बाई, कधीच भाडेकरार देत नाही, कारण कागदावर सही केली की कुंटणखाना चालवते हे तिने स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं. आधारचं एक बरं झालंय, एड्स कंट्रोल सोसायटीच्या अधिकाऱ्याच्या सर्टिफिकेटवर आता बायकांना आधार मिळतं आणि त्यावर कुठेही ही कोण आहे ते लिहिलेलं नसतं. पण फॉर्मवर नातेवाइकाचं नाव हा एक रकाना आहे आणि तिथे आल्यावर बायका पेन खाली ठेवतात. नवरा म्हणून कुणाचं लिहू, बापाचं लिहिलं आणि काहीतरी गावाला गेलं तर? गावात सांगितलेलं असतं की मी शहरात मेसमध्ये स्वयंपाकाला आहे.

तर मी काय केलं, दुपारपर्यंत एक निवेदन टाईप केलं. एक नंबरची मागणी, ठळक अक्षरात, वेश्याव्यवसायाला कायदेशीर मान्यता मिळावी. आम्ही ट्रेनिंगला जातो तिथे हेच बोलतात, पेपरात हेच येतं, मला वाटलं बायकांना हेच हवं असणार. तीनच्या सुमाराला डीआयसीत, म्हणजे बायकांना येऊन बसायच्या आमच्या प्रोजेक्टच्या केंद्रात, सगळ्या जमल्या, त्याआधी वस्ती उठतच नाही. मंगळवार म्हणून लाल रंग होता, बऱ्याच जणी लाल साडीत. काहींनी घट बसवलेला, त्या नऊ दिवस धंदा करत नाहीत आणि उधारीवर काढतात. मी निवेदन वाचून दाखवलं.

अक्का आमची सगळ्यात जुनी पिअर, म्हणजे बायकांमधलीच कार्यकर्ती, साठीला आलेली, लहानपणी देवाला सोडलेली. तिने विचारलं, "कायदेशीर म्हणजे काय गं? लायसन?"

मी म्हटलं हो, म्हणजे तसंच काहीतरी, नोंदणी असेल, ओळखपत्र असेल...

"त्यावर फोटो?"

हो.

"आणि रजिस्टर कुठं ठेवणार?"

आता मी अडकले. कारण रजिस्टर कुठे ठेवणार, तर पोलीस स्टेशनला नाहीतर सरकारी दवाखान्यात, आणि या दोन्ही ठिकाणी काय होतं ते मी काय तिला सांगणार, तिनेच मला सांगितलंय. एक तिशीतली, जी आता वस्तीत बसत नाही, मोबाईलवरून लॉजला जाते, ती म्हणाली मी तर मेले तरी नाव देणार नाही, माझी पोरगी दहावीला आहे. दुसरी म्हणाली लायसन काढलं नाही तर मग? मग बिनलायसनची म्हणून वेगळा हप्ता. जोरात हसल्या सगळ्या. मी जर्मनीचं सांगायला गेले की तिथे २००२ पासून कायदेशीर आहे, आणि मला स्वतःलाच आठवलं की तिथेसुद्धा २०१७ पासून नोंदणीची सक्ती झालीय. ते पण सांगून टाकलं. "बघ" म्हणाली अक्का, एवढंच.

मला खरंच लाज वाटली. अकरा वर्षं मी "कायदेशीर करा" हे वाक्य वापरत होते आणि ते कुणाच्या डोक्यावर पडणार हे कधी विचारलंच नव्हतं.

गंमत म्हणजे धंदा करणं हा आपल्याकडे मुळात गुन्हाच नाही. कायदा आहे १९५६ चा, अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा, सगळे त्याला पिटा म्हणतात. त्यात सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने पैसे घेणं कुठेही गुन्हा म्हणून लिहिलेलं नाही. पण बाजूचं सगळं गुन्हा. घर चालवणं गुन्हा, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा, देऊळ, शाळा, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत असलात तर गुन्हा. आता आमच्या वस्तीत देऊळ वस्तीच्या मधोमध आहे, बायकांनीच वर्गणी काढून बांधलंय! आणि १८ वर्षांवरचा कोणी तिच्या कमाईवर जगत असेल तर तोही गुन्हेगार, म्हणजे अक्काचा पोरगा कॉलेजला होता तेव्हा कायद्याने तो गुन्हाच करत होता. धाडीत सापडलेल्या बाईला मॅजिस्ट्रेट एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवू शकतो, तिने मागितलेलं नसताना. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाने अशाच तीन मुलींना सोडायला लावलं, म्हणाले सज्ञान आहेत, कुठे राहायचं ते त्या ठरवतील. आणि १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला तेव्हा तर टीव्हीवर दिवसभर "कायदेशीर झालं, कायदेशीर झालं" चाललं होतं, मला नातेवाइकांचे फोन, आता तुझं काम संपलं का म्हणून. झालं नव्हतं काहीच कायदेशीर. पोलिसांनी माणसासारखं वागवावं, कंडोम पुरावा म्हणून धरू नये, सुधारगृहांत मर्जीविरुद्ध ठेवलेल्या बायका शोधून सोडाव्यात, अशा सूचना होत्या, आणि त्याही संसद कायदा करेपर्यंत. संसद काय करते ते दिसतंयच.

असो. निवेदन फाडलं नाही कुणी, अक्का उलटं करून कोऱ्या बाजूला लिही म्हणाली. तीन गोष्टी ठरल्या. धाडीत जिला जायचं नाही तिला नेऊ नका. आमच्या पोरांवर आमच्या कमाईवर जगतो म्हणून केस नको. आणि मतदार यादीत नाव. याद्या बंद व्हायला जेमतेम दहा दिवस होते.

साहेब आले साडेनऊला. साडेनऊ म्हणजे ऐन धंद्याची वेळ, हे पीएला कोण सांगणार, तरी तीसेक जणी थांबल्या. पांढरा शर्ट, बरोबर चार पोरं. आरती झाली, फोटोवाला पोरगा इतका बेरकी की दरवेळी फोन असा तिरका धरायचा की देवी आणि साहेब, बस. एक बंगाली मुलगी हळूच म्हणाली आमच्याकडे दुर्गेच्या मूर्तीला आमच्या दारातली माती लागते, इथे आम्हीच नको. हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं तसं, पण तिच्या तोंडून त्या वेळी ऐकताना वेगळंच वाटलं.

मला वाटलेलं हा माणूस दहा मिनिटं भाषण ठोकून जाईल. पण तो खाली सतरंजीवर बसला, दोन कप चहा प्याला, आणि अक्काला म्हणाला "मावशी, मी तुम्हाला खोटं नाही बोलणार. तुमच्या बाजूने मी सभागृहात एक वाक्य बोललो ना, तर दुसऱ्या दिवशी माझ्या चौकात माझ्याच फोटोचा फ्लेक्स लागेल. विरोधक नाही लावणार, माझ्याच पक्षातले लावतील." पुढे म्हणाला, डान्स बारचं बघा, २००५ मध्ये बंदी आणली, कोर्टाने उडवली, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये पण उडवली, तर २०१४ ला दोन्ही सभागृहांनी मिळून परत आणली, एकमताने. "एकमताने बरं का मावशी. पाण्यावर, उसावर, आरक्षणावर जे एकमेकांच्या अंगावर जातात ते."

हे मला मान्य करावंच लागलं. आणि प्रश्न फक्त पुढाऱ्यांचा नाही, चळवळीतसुद्धा दोन तट आहेत. सांगलीच्या धंदा करणाऱ्या बायका कित्येक वर्षं आम्ही काम करतो, आम्हाला वाचवायला येऊ नका म्हणतायत. आणि दलित चळवळीतल्या कितीतरी कार्यकर्त्या विचारतात की या धंद्यात बायका कुठल्या जातीच्या भरल्यात ते बघा आणि मग त्याला काम म्हणा. मला दोघींचं पटतं, हा माझा प्रॉब्लेम आहे. दिल्लीत २००६ ला पिटा बदलायचं बिल आलं होतं, बायकांवरचा गिऱ्हाईक बोलावण्याचा गुन्हा काढायचा पण गिऱ्हाइकाला शिक्षा, असं त्यात होतं. बायका म्हणाल्या गिऱ्हाईक पकडलं तर आम्ही खाणार काय. तीन वर्षं लटकलं आणि लोकसभेबरोबर संपलं. २०१४ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनीच मान्यतेची बाजू घेतली, तर त्यांच्यावरच टीका सुरू झाली.

मी मधेच म्हटलं की साहेब, न्यूझीलंडने २००३ मध्ये धंद्याभोवतीचे गुन्हे काढून टाकले, ६० विरुद्ध ५९, एक जण तटस्थ राहिला म्हणून पास झालं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला "म्हणजे एका माणसाला चहा पाजून पाडता आलं असतं." विनोद म्हणून नाही हो, खरोखर हिशोब करून बोलला. मला तेव्हा कळलं की हा माणूस निवडून आला किंवा नाही आला तरी राजकारणातच राहणार.

मग तो नेहमीचं बोलला, कायदा केंद्राचा आहे, आमच्या हातात काही नाही. त्यावर अक्का म्हणाली, "पोलीस कुणाचे?"

गप्प.

"नागपूरला केंद्राने बॅरिकेड लावले होते का?" ऑगस्ट २०२१ ची गोष्ट, तिथली आमच्यासारखीच गंगा-जमुना वस्ती पोलिसांनी सील केली, आजूबाजूला देवळं-शाळा आहेत म्हणून धंद्याला बंदीचा आदेश काढला, तिथल्या नेत्या ज्वाला धोटे बायकांच्या बाजूने रस्त्यावर उतरल्या. आमच्या वस्तीत त्या महिन्यात कुणाला झोप नव्हती, उद्या आपल्याकडे हेच होणार म्हणून. अक्काने मग २०२० चं काढलं. लॉकडाऊनमध्ये राज्य सरकारने तीन महिने ५,००० रुपये दिले, ज्यांची पोरं शाळेत त्यांना २,५०० वर. "तेव्हा कुठला कायदा बदलला होता? मनात आलं, दिले. आम्ही काय लायसन मागत नाही, धाड घालताना विचारा एवढंच म्हणतोय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. कागद घेतला, वाचला, खिशात ठेवला, धाडीचं मी बोलतो म्हणाले, कुणाशी ते नाही सांगितलं. मग हात जोडून, यावेळी लक्ष असू द्या. अक्का म्हणाली लक्ष आहे, मत नाही, बीएलओ पाठवा, म्हणजे मतदार यादीचे फॉर्म घेणारा माणूस. यावर मात्र त्याने तिथेच फोन लावला, आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी बीएलओ बाई आल्या, झेडपी शाळेच्या शिक्षिका, स्कार्फ बांधून, पहिला अर्धा तास बाहेरच उभ्या. नंतर आत बसल्या आणि ३७ फॉर्म घेऊन गेल्या. पत्त्याला डीआयसीचा पत्ता आणि आमचं पत्र, त्यांनी हरकत घेतली नाही.

त्यात ती लॉजवाली पण आली, मेले तरी नाव देणार नाही म्हणणारी. दोन वर्षं मी तिच्या मागे होते. नातेवाइकाच्या रकान्याशी येऊन थांबली नेहमीसारखी, आणि बीएलओ बाई सहज म्हणाल्या आईचं लिहा की, चालतं. मी अकरा वर्षं हा फॉर्म भरतेय, आईचा पर्याय छापलेला आहे त्यावर, आणि मी प्रत्येकीला वडील का नवरा एवढंच विचारत आले. तिने आईचं नाव सांगितलं, मग माझ्याकडून स्पेलिंग दोनदा वाचून घेतलं.

साहेबांना तिकीट मिळालं नाही. २० नोव्हेंबरला मतदान झालं, तोवर ३७ पैकी २२ नावं यादीत आली होती, तिचं नव्हतं. तिचं कार्ड डिसेंबरात पोस्टाने आलं, डीआयसीच्या पत्त्यावर, आणि ती म्हणाली घरी नको, तुमच्या कपाटातच राहू दे.