बाबांना न दिसणारा मोगरा

वायफायची यादी वाचणं ही फुकटातली करमणूक आहे. आमच्या जोगेश्वरीच्या सोसायटीत फोनवर ती यादी खाली सरकवत गेलं की अर्धी इमारत भेटते. कुणी 'गजानन प्रसन्न', कुणी 'पासवर्ड मागू नये'. एकाचं नाव नुसतंच 'मेंटेनन्स भरा' आहे. ते सेक्रेटरींचं असावं असा सगळ्यांचा कयास, पण विचारायला जायची कुणाची तयारी नाही, कारण मग मेंटेनन्सचा विषय निघणार. आमची नावं दोन : 'मोगरा' आणि 'मोगरा_५जी'. पहिलं रमतगमत चालणारं, दुसरं पळणारं.

बाबांच्या नव्या फोनला पहिला मोगरा दिसत होता, दुसरा दिसत नव्हता. घरातल्या बाकी सगळ्यांना दोन्ही दिसत होते.

बाबा एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. कुर्ल्याचं नेहरूनगर आगार. आता दुपारचं जेवण झालं की आतल्या खोलीत आडवं व्हायचं आणि कीर्तन लावायचं, हा त्यांचा रिवाज. रमतगमत मोगऱ्यावर व्हायचं असं, की बुवा दृष्टान्ताच्या ऐन रंगात आले की हात वर केलेल्या अवस्थेत तसेच थांबायचे आणि पडद्यावर गोल फिरायला लागायचं. बाबा शांतपणे वाट बघायचे. गाडी बंद पडल्यावर प्रवाशांना उगाच बोलायचं नसतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

घरात निदान मात्र पटकन झालं. लेक म्हणाली, "आजोबा, तुम्ही काहीतरी दाबलं असणार." बायको म्हणाली, "बाबा, बंद करून चालू करून बघा ना." नेटच्या कंपनीला फोन केला तर तिकडच्या मुलाने आधी रीस्टार्टचं विचारलं आणि मग म्हणाला, "सर, फोन कोण वापरतं? सीनियर सिटिझन आहेत का?" जणू वयाचाही एक चॅनल असतो. बाबाही लगेच कबूल : "असेल बाबा, माझंच बोट लागलं असेल कुठेतरी." फोन नीट चालत नसेल तर आधी फोन धरणाऱ्या हाताकडे बघायचं आणि त्या हाताचं वय विचारात घ्यायचं, ही आता सगळीकडची रीत झाली आहे. मला ती मुळीच पटत नाही, म्हणून मी हे प्रकरण हातात घेतलं.

रीस्टार्टला मी नावं ठेवणार नाही. राउटर बंद करून चालू केला तेव्हा बाबांच्या फोनवर दुसरा मोगरा उगवला. सगळे खूश. दोन-तीन दिवसांनी तो पुन्हा गायब. झालं, बाबांचं बोट पुन्हा संशयित. खरं तर इथेच मला शंका यायला हवी होती असं कुणी म्हणेल; मला ती आलीच. बोटाने घालवलेली गोष्ट राउटर बंद-चालू केल्याने परत का यावी?

आधी सोप्या शंका संपवल्या. बाबांचं म्हणणं होतं, "फोनच्या खोक्यावर तर ५जी लिहिलंय." लिहिलंय, पण ते सिमकार्डाचं. मोबाइलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी, आपल्याकडे ते ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालं. वायफायच्या नावामागचं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, रेडिओलहरींचा पट्टा, आणि त्या पट्ट्यावरच्या वायफायचं मानक १९९९चं आहे. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. राउटरवाल्यांनी नावापुढे सरसकट ५जी चिकटवून लोकांच्या डोक्याला ताप करून ठेवलाय. फोनला हा पट्टा मुळात कळतो का, हे त्याच्या माहितीपत्रकात वायफायच्या ओळीत लिहिलेलं असतं. ८०२.११ हा वायफायच्या मानकाचा क्रमांक; त्याच्या पुढे नुसतं 'बी/जी/एन' असेल तर फोन फक्त २.४ गिगाहर्ट्झवरचा. त्यात 'ए' किंवा 'एसी' असेल तर ५ गिगाहर्ट्झही कळतं. बाबांच्या फोनच्या ओळीत 'एसी' होतं.

दुसरी शंका अंतराची. ५ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेपाच-सहा सेंटिमीटरची, २.४ची साडेबारा. ५ची भिंतींपुढे लवकर दमते, आणि आमच्या आतल्या खोलीच्या वाटेवर आरसीसीचा खांब आणि आईचं लोखंडी कपाट, दोन्ही उभे आहेत. म्हणून बाबांना फोन घेऊन थेट राउटरखाली, चपलांच्या रॅकपाशी उभं केलं. तिथेही नाही. पण यादी खाली सरकवताना बाबाच म्हणाले, "अरे, गजानन प्रसन्नचं ५जी दिसतंय की."

शेजारच्या विंगमधलं दिसतंय आणि डोक्यावर टांगलेलं दिसत नाही! म्हणजे फोनची नजर शाबूत, अंतराचा प्रश्न नाही, आणि बोट तर बिलकूल निर्दोष. भानगड होती ती आमचा मोगरा कुठे फुललाय त्याची.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनल असतात, म्हणजे पट्ट्याचे नंबर दिलेले तुकडे. ३६, ४०, ४४, ४८, मग ५२ ते ६४, मग एकदम १०० ते १४४, आणि शेवटी १४९पासून पुढे. यातले मधले, म्हणजे ५२ ते १४४, वायफायच्या मालकीचे नाहीत. तिथे रडार आधीपासून आहेत. २००३मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरलं, की वायफायनेही ती जागा वापरावी, पण रडारची चाहूल लागली की उठावं. भारतात २०१८ साली ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त झाला, त्यात हे मधले चॅनलही आले.

हे मी बाबांना समजावून सांगत होतो. वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "म्हणजे आमदारांची सीट."

एसटीत खिडकीच्या वर रंगवलेलं असतं, ही जागा विधानसभा सदस्यांसाठी राखीव. तिथे कुणीही बसतं, मुलं बसतात, कोंबडीची पाटी बसते. पण आमदार आलेच तर उठायचं. बाबांच्या अख्ख्या नोकरीत आमदार आले नाहीत ही गोष्ट वेगळी. राउटर मात्र या बाबतीत एसटीच्या कुठल्याही प्रवाशापेक्षा कडक शिस्तीचा. तिथे बसण्याआधी तो पूर्ण एक मिनिट गप्प राहून कानोसा घेतो. बसल्यावरही कान उघडे. रडारचा ठोका ऐकू आला, किंवा आल्यासारखं वाटलं, तर ताबडतोब उठतो आणि अर्धा तास त्या जागेकडे फिरकत नाही. युरोपात हवामानाच्या रडारांच्या चॅनलांवर तर एक मिनिटाऐवजी दहा मिनिटं कानोसा घ्यावा लागतो.

"आणि माझा फोन?" बाबांनी विचारलं.

तुमचा फोन राखीव लिहिलेल्या रांगेकडे बघतच नाही. काही फोनांना, विशेषतः स्वस्तातल्या, या मधल्या चॅनलांची सोयच दिलेली नसते. ज्यांना दिलेली असते तेही तिथे स्वतःहून हाका मारत नाहीत. राउटर बोलेल तेव्हा ऐकायचं, म्हणून त्यांनाही यादी भरायला जरा वेळ लागतो. लेकीचा फोन दुसऱ्या प्रकारातला, बाबांचा पहिल्या.

ही सगळी शिस्त कुणासाठी, तर आमच्याकडे त्याचं उत्तर फार लांब नाही. अंधेरीच्या वेरावलीला हवामान खात्याचं डॉपलर रडार जानेवारी २०२२पासून आहे. कुलाब्याचं जुनं एस-बँड नावाच्या वेगळ्या पट्ट्यावर, हे सी-बँडवर. सी-बँड म्हणजे ४ ते ८ गिगाहर्ट्झ. आमचा मोगरा याच घरातला. आमच्या राउटरला या रडाराने उठवलं असं माझं म्हणणं नाही, मधे डोंगर आहेत, इमारती आहेत. पण जुलैत पाणी साचायला लागलं की आम्ही ज्या लाल-पिवळ्या नकाशाकडे डोळे लावून बसतो, तो असल्या रडारावरून येतो. रडार लहर सोडतं आणि पावसाच्या थेंबांवरून परत येणारा अतिशय क्षीण प्रतिसाद ऐकतं. त्याच लहरीवर जवळपास कुणी वायफायवाला मोठ्याने बोलत असेल, तर नकाशावर त्याच्या दिशेने एक सरळ पट्टा उमटतो. पाऊस असा सरळ रेषेत पडत नाही. प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये २००९ साली विमानतळासाठीच्या हवामान रडारावर असेच पट्टे उमटत होते. शोध घेतला तेव्हा गच्च्यांवर, मनोऱ्यांवर लावलेली बिनतारी इंटरनेटची यंत्रं सापडली.

बाबांना हे ऐकून फोनचा राग यायचा तो कमी झाला. नियमात चालणाऱ्याबद्दल त्यांना आधीपासून आस्था.

मग राउटरचं पान उघडलं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, राउटरच्या पोटावरच्या चिकटपट्टीवरचा पासवर्ड टाकायचा. आमच्या चिकटपट्टीवर देवघराच्या उदबत्तीचा थर बसलेला, तो पुसून 'बी' आहे की '८' हे ठरवण्यात बराच वेळ गेला. आत ५ गिगाहर्ट्झच्या कप्प्यात चॅनल : ऑटो. सध्याचा चॅनल : १००. म्हणजे राउटरने आपल्या अकलेने शोधलं होतं की ३६ ते ४८वर आमची सोसायटी गर्दी करून बसलीय आणि १०० मोकळा आहे. हुशारीत खोट नव्हती. बंद-चालू केल्यावर ऑटोने नव्याने निवड केली, तेव्हा तो कधीतरी खालच्या चॅनलवर येऊन पडला, म्हणून बाबांना दिसला. मग गर्दी वाढली, आणि तो पुन्हा वर सरकला. रीस्टार्टची ख्याती अशा योगायोगांवरच उभी आहे.

ऑटो काढून ३६ केलं. चॅनलची रुंदी, म्हणजे तो पट्ट्यातली किती जागा घेतो ती, ८० मेगाहर्ट्झ ठेवली. वेगाच्या मोहाने तिथे १६० करू नये, कारण ३६पासून एवढा पसारा मांडला की तो ६४पर्यंत जातो, म्हणजे पुन्हा राखीव रांगेत. ३६ ते ४८ फारच भरलेले असतील तर १४९पासूनचे बघावेत. सेव्ह दाबलं, राउटरवरचा एक दिवा विझला, लागला, आणि बाबांच्या फोनवर मोगरा_५जी हजर. कुणीही फोनला हात लावला नव्हता, हे मी लेकीला मुद्दाम दोनदा सांगितलं.

माझी तक्रार फोन बनवणाऱ्यांबद्दल आहे. दिवसभर हा फोन न विचारता बोलत असतो. बॅटरी संपत आलीय, पावलं कमी पडलीत, आज अमक्याचा वाढदिवस. पण 'मला ५२ ते १४४ चॅनल वाचता येत नाहीत' एवढं एक वाक्य त्याच्या सेटिंगमध्ये कुठेही नाही. राउटरचंही तेच. यादीत १००च्या पुढे कंसात 'डीएफएस' अशी तीन अक्षरं, म्हणजे रडार आलं की उठायची तीच अट, बस. ती कुणासाठी लिहिलीत? ज्याला माहीत आहे त्याला नकोत, ज्याला माहीत नाही त्याला कळत नाहीत. त्यात देशादेशाचे नियम वेगळे. जपानात १४९पासूनचे चॅनल वायफायला दिलेलेच नाहीत. अमेरिकेतून आणलेल्या फोनांना २.४वरचे १२ आणि १३ हे चॅनल, जे आपल्याकडे चालतात, बरेचदा दिसत नाहीत. परदेशातून भावाने प्रेमाने आणलेला फोन घरचं वायफाय पकडत नसेल तर भावाला बोल लावू नये.

बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. बाबांनी ती लिफ्टमध्येच सांगितली, आमदारांच्या सीटसकट. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू फोन घेऊन आल्या. त्यांचीही तीच तक्रार, नातू येतो तेव्हा त्याच्या फोनवर दिसतं, त्यांच्या नाही. मी चॅनल वगैरे बोलायच्या आधी फोनचं माहितीपत्रक काढलं. ८०२.११ बी/जी/एन. पुढे काही नाही.

"काकू, तुमच्या फोनला ते दिसणारच नाही. त्यात तो भागच नाहीये. काहीही करून उपयोग नाही."

मला वाटलं, हिरमुसतील. काकू उलट ऐसपैस टेकून बसल्या. "हात्तिच्या! मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. नातू आला की रोज बोलणी खातेय मी." मग चहा घेतला, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "बरं, ते जाऊ दे. हे अक्षर तेवढं मोठं करून दे."